धिरा

एका तालुक्याच्या गावी एक गवंडी राहत होता. हाताचा नेटका, तोंडाचा फटकळ. त्याने उभ्या केलेल्या भिंतीला पुन्हा ओळंबा लावून बघायची गरज नाही, असं लोक म्हणत. घर बांधणारे मालक मात्र त्याला वचकून असत. स्लॅब टाकला की दुसऱ्या दिवसापासून त्यांचा एकच प्रश्न सुरू होई.

"मिस्त्री, फळ्या कधी काढायच्या?"

"२१ दिवसांनी," गवंडी म्हणे. "विसाव्या दिवशी विचारलंत तरी हेच सांगीन. सिमेंट तुमची घाई ऐकत नाही."

आणि खरंच, २१ दिवस तो खालच्या टेकूंना कुणाला हात लावू देत नसे. त्यांना तो धिरे म्हणे. त्याचा बापही धिरेच म्हणायचा. स्लॅबवर मालाची बारीक आळी करून पाणी साठवायचं, सकाळ-संध्याकाळ ते कमी झालंय का बघायचं, आणि खाली वाकून प्रत्येक धिरा हलवून बघायचा. एवढंच काम. पण ते तो दुसऱ्यावर सोपवत नसे.

त्याच्या लग्नाला २७ वर्षं झाली होती. बायकोने तरुणपणी त्याच्याबरोबर घमेली उचलली होती. पुढे मुलं झाली, घर झालं, मुलगी सासरी गेली, मुलगा नोकरीसाठी लांब गेला. बायको कमी बोलणारी. दुखलं-खुपलं सांगणारी नव्हे.

म्हणून तिच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा तिने ओवा चावला आणि बेंबीला हिंग लावला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती जेवली नाही. चौथ्या पहाटे पोट नगाऱ्यासारखं ताठ झालं आणि हिरवी उलटी झाली, तेव्हा गवंड्याने शेजाऱ्याची जीप काढायला लावली आणि जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल गाठलं.

आतड्याला पीळ पडला होता. पिळलेला भाग काळा पडला होता. डॉक्टरांनी रात्रीच ऑपरेशन केलं, तेवढा तुकडा काढला आणि दोन्ही टोकं जोडली.

"आता सांधा धरला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. हे गवंड्याला बरोबर समजलं.

केशरी रेशनकार्ड होतं, म्हणून महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत खर्च बसला. तिथल्या आरोग्यमित्राने कागद लावून दिले. पैशाची मोठी काळजी टळली, आणि गवंड्याला वाटलं की आता सगळंच टळलं.

चार दिवस बरे गेले. रोज सकाळी डॉक्टर येत आणि विचारत, "गॅस पास झाला का?" वॉर्डात या प्रश्नाला कुणी लाजत नसे. आतडं जागं झाल्याची ती खूण होती, आणि ज्याच्या पेशंटचा गॅस पास होई तो नातेवाईक दाराशी जाऊन घरी फोन करून सांगे.

पाचव्या दिवशी ताप चढला. नाडी धावू लागली. पोटातून बाहेर काढलेल्या नळीत आधी तांबूस पाणी यायचं, ते हिरवट आणि गढूळ झालं. डॉक्टरांनी नळीकडे एकदाच बघितलं.

"सांधा गळतोय," ते म्हणाले. "परत उघडावं लागेल."

गवंड्याने कागदावर सही केली. त्याच्या हाताखालचे तीन मजूर एका मोटरसायकलवर बसून रक्त द्यायला आले. प्रत्येकाचं ३५० मिली रक्त घेतलं, बिस्किट आणि चहा दिला, आणि ते परत कामावर गेले. या वेळी टोकं जोडता आली नाहीत. आतलं सगळं सुजलेलं होतं. आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून त्याला पिशवी लावली, आणि तिला आयसीयूत नेलं. श्वास मशीन देत होतं.

आता गवंडी बाहेरच्या बाकावर बसू लागला. सकाळी दहा मिनिटं आणि संध्याकाळी दहा मिनिटं आत जायला मिळे. उरलेल्या वेळात जो दाराबाहेर येईल त्याला तो विचारी, "किती दिवस लागतील?" डॉक्टरांना विचारी, सिस्टरला विचारी, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांनाही विचारी.

"आज नाही सांगता येणार," डॉक्टर म्हणत. "धीर धरा."

"धीर धरा म्हणायला यांचं काय जातंय," गवंडी बाकावर येऊन पुटपुटे.

तिसऱ्या दिवशी घशातली नळी काढली. सिस्टरने सांगितलं, "आता बोलतील त्या." गवंडी तोंड धुऊन, केस नीट करून आत गेला.

बायको जागी होती. तिचे डोळे वर लागले होते.

"फळ्या कुणी काढल्या?" ती म्हणाली.

"काय?"

"स्लॅब ओला आहे. खालचे धिरे काढलेत. पळा सगळे. पोरं आत आहेत." आणि तिने हाताला लावलेली नळी ओढली.

"अगं, हे हॉस्पिटल आहे. वेडी का तू? मी आहे ना," गवंडी म्हणाला.

"तुम्ही कोण?" तिने विचारलं. मग ती ओरडायला लागली. सिस्टर धावल्या. तिच्या मनगटांना मऊ पट्ट्या बांधल्या. गवंडी बाहेर आला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. ती मरेल याची भीती त्याने बाळगली होती. ती जिवंत असून आपल्याला ओळखणार नाही, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी पाळीवर एक वयस्कर सिस्टर आल्या. त्यांनी त्याला बोलावलं.

"काका, याला डेलिरियम म्हणतात. आयसीयूत पुष्कळांना होतो. अंगात ताप, औषधं, झोप नाही, आणि आत चोवीस तास दिवे. दिवस कुठला, रात्र कुठली, कळत नाही. बहुतेकांचा जातो. एक सांगा, त्या चष्मा लावतात का?"

"लावते."

"कुठे आहे?"

गवंड्याने सदऱ्याच्या खिशाला हात लावला. पहिल्या ऑपरेशनच्या रात्री कुणीतरी काढून हातात दिला होता. तेव्हापासून तो रुमालात गुंडाळून तिथेच होता.

"मग त्यांना दिसतंय काय, काका?" सिस्टर म्हणाल्या. "आत गेलात की आधी चष्मा लावा. आपण कोण ते सांगा. वार सांगा, वेळ सांगा. वाद घालू नका. खोटंही बोलू नका. फक्त ओळखीच्या आवाजात हळू बोला."

दुसऱ्या दिवशी खिडकीचा पडदा सरकवलेला होता. भिंतीवरचं घड्याळ तिला दिसेल असं समोर लावलं होतं. गवंड्याने चष्मा सदऱ्याला पुसला आणि तिच्या डोळ्यांवर ठेवला.

"मी आलोय. आज बुधवार आहे. सकाळचे अकरा वाजलेत. तुझं पोटाचं ऑपरेशन झालंय, म्हणून दवाखान्यात आहेस. पोरं बरी आहेत."

ती छताकडे बघत राहिली. "धिरे?" तिने विचारलं.

वाद घालायचा नव्हता आणि खोटंही बोलायचं नव्हतं. गवंडी थोडा थांबला.

"मी आहे इथे," तो म्हणाला.

गुरुवारीही त्याने हेच सांगितलं, फक्त वार बदलून. शुक्रवारीही सांगितलं. शनिवारी संध्याकाळी तिने मान वळवून त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "दाढी का वाढवलीत एवढी?"

नवव्या दिवशी तिला वॉर्डात आणलं.

तिचे केस कमरेपर्यंत होते. आयसीयूत उशीवर पडून पडून त्यांचा एकच गोळा झाला होता, जटेसारखा, घामाने आणि औषधाने चिकटलेला. एक सिस्टर म्हणाल्या, कापून टाकलेले बरे, परत येतील. बायको काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. पोट दोनदा फाडलं, आतडं बाहेर काढून लावलं, तेव्हा तिला कुणी विचारू शकलं नव्हतं. केसांबद्दल विचारता येत होतं.

"नको," गवंडी म्हणाला. "मी बघतो."

त्याने फणी घेतली आणि डोक्यापासून ओढली. तिने डोळे घट्ट मिटले. पुन्हा ओढली. गाठ जास्तच आवळली. शेजारच्या खाटेपाशी एक म्हातारी बसलेली असे. तिचा म्हातारा दीड महिना तिथेच होता. ती उठून आली.

"दादा, वरून नका ओढू. टोकाकडून घ्या. चार बोटं सुटली की मग वर सरका. आणि वरचे केस मुठीत धरा, म्हणजे ओढ तुमच्या मुठीला बसते. डोक्याला बसत नाही."

गवंड्याची बोटं सिमेंटने खाल्लेली. भेगांत केस अडकत. त्याने खोबरेल तेल आधी आपल्या हाताला चोळलं, मग केसांना. शेवटाची एक बट घेतली. मुठीत धरली. सोडवली. मग दुसरी. चार वाजता भेटीची वेळ झाली, लोक आले, गेले. सहा वाजले तेव्हा जेमतेम वीतभर केस सुटले होते.

दुसऱ्या दुपारी पुन्हा बसला. तो सोडवत होता आणि ती झोपली. इतक्या दिवसांत औषधाशिवाय लागलेली तिची ही पहिली झोप होती. तो हलला नाही. पाय मुंग्या येऊन बधिर झाला, तरी बट मुठीत तशीच धरून बसला.

तिसऱ्या दुपारी वेणी घातली. वाकडी होती. म्हातारीने बघितली आणि सोडून पुन्हा घातली. त्या तीन दुपारी "किती दिवस?" हा प्रश्न त्याने कुणालाच विचारला नव्हता. हे त्याच्या लक्षात आलं नाही. डॉक्टरांच्या आलं.

रात्री ती म्हणाली, "आत असताना मला सारखं दिसायचं, डोक्यावर ओला स्लॅब आणि खालचा एकेक धिरा कुणीतरी काढतंय."

"मग?"

"मग कुणीतरी वार सांगायचं. आज बुधवार आहे, असं. तेवढा वेळ तो पडायचा नाही."

गवंडी खाटेखाली चटईवर पडला. बराच वेळ त्याला झोप आली नाही.

पिशवीचं प्रकरण अवघड गेलं. ती पोटाकडे बघायची नाही. चादर गळ्यापर्यंत ओढून घ्यायची. पहिल्यांदा पिशवी गळली आणि चादर भिजली, तेव्हा म्हणाली, "मला घरी नेऊ नका. कुठेही ठेवा." गवंड्याने सिस्टरकडून शिकून घेतलं. पोटावरचं ते तोंड लाल आणि ओलं असतं, ओठाच्या आतल्या बाजूसारखं, आणि हात लागला तरी ते दुखत नाही. चिकटवायच्या चकतीला त्याच्या मापाचं भोक कापायचं. मोठं झालं तर आतलं पाणी कातडीला लागून ती भाजल्यासारखी होते. घट्ट झालं तर काचतं. दोनेक मिलिमीटर जागा सोडायची. सूज उतरते तसं माप बदलतं, म्हणून दर वेळी नव्याने मापायचं.

माप हे त्याचं काम होतं. त्याने आधी कागदावर भोक कापलं, लावून बघितलं, पुन्हा कापलं, मग चकती कापली. चकती चपखल बसली. तिने पहिल्यांदा मान उचलून पोटाकडे बघितलं.

"नीट कापलीत," ती म्हणाली.

मग गवंडी सगळंच करायला लागला. तिला उचलून बसवायचा, घास भरवायचा, पाण्याचा पेला ओठाला लावायचा, कूसही वळवून द्यायचा. तीन चेंडूंचं श्वासाचं यंत्र तिच्या हातात देऊन म्हणायचा, "फुंक." ती फुंकायची आणि चेंडू हलायचे नाहीत. व्यायाम शिकवणारी मुलगी आली, तिने बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"काका, फुंकायचं नाही, ओढायचं. आत. शेवयाची खीर ओढतात तसं. आणि तुम्ही बाजूला व्हा जरा. सगळं तुम्हीच करताय, मग त्यांचे पाय काय करणार? पडून राहिल्या तर छातीत कफ साचेल, पायात रक्ताची गुठळी होईल. खोकताना पोटाशी उशी दाबून धरायची, पण ती त्यांनाच धरू द्या."

गवंडी ओशाळला. दुपारभर गप्प होता. स्लॅबला जोर धिऱ्यातून येत नाही, हे त्याला माहीत होतं. तो आतल्या आत, आपल्या सिमेंटने आणि पाण्याने धरतो. धिरा नुसता खाली उभा असतो, तेवढे दिवस. आणि दिवस भरले की तो काढावा लागतो. पण एकदम काढायचा नसतो. आधी मधले, मग हळूहळू कडेचे, आणि दर वेळी थांबून वर बघायचं.

दुसऱ्या दिवशी त्याने पाण्याचा पेला तिच्या ओठाला लावला नाही. हातात दिला. थोडं पाणी सांडलं. तिसऱ्या दिवशी कमी सांडलं. मग चमचा दिला. श्वासाच्या यंत्रावर ६००, ९००, १२०० असे आकडे होते. पहिला चेंडू दोन दिवसांनी वर गेला, दुसऱ्याला आठवडा लागला. ती उठून बसायला लागली तेव्हा तो शेजारी उभा राही, हात तिच्या कोपराखाली, पण न लावता. खिडकीपर्यंत सहा पावलं होती. सहाव्या पावलाला तिने मागे वळून बघितलं. तो अर्धं पाऊल मागे होता.

शेजारचा म्हातारा त्याच आठवड्यात गेला. म्हातारीने दीड महिन्याचं बोचकं बांधलं. जाताना तेलाची बाटली गवंड्याजवळ ठेवली. तिनेही रोज टोकापासूनच सोडवलं होतं. तिची गाठ सुटली नाही. गवंडी तिला एसटीत बसवून आला आणि त्या रात्री जेवला नाही. तेव्हा बायकोने भाकरीचा तुकडा मोडून त्याच्या हातात दिला. "खा," ती म्हणाली. इतक्या दिवसांत तो जेवला की नाही, हे विचारायचं बळ तिला त्या दिवशी आलं होतं.

धीर आणि धिरा हे शब्द आपल्या भाषेत इतके जवळ बसलेत, की बोलताना दोघांतला फरक कळूही नये. आजाऱ्याजवळ बसलेल्या माणसाला आपण धीर धर म्हणतो, आणि त्याला वाटतं की हे नुसतं थांबणं आहे, हात बांधून. पण त्या गवंड्याने जे धरलं होतं त्यात चष्मा होता, वार होता, मुठीतली बट होती, आणि दुसऱ्याने उचलावा म्हणून आपण न उचललेला पेला होता. बरं करणं त्याच्या हातात नव्हतं. बरं होईपर्यंत खाली उभं राहणं होतं. मला वाटतं, इतकी वर्षं ज्या कामात त्याने हयगय केली नाही तेच हे काम होतं, फक्त या वेळी तो मालकाच्या जागी उभा असल्यामुळे त्याला ओळखू आलं नाही.

ती घरी आली. पोटावरची जखम उघडीच होती आणि रोज पट्टी बदलावी लागे. ती तळापासून भरत यायला हवी, वरून मिटली तर आत पू राहतो, हे गवंड्याला दोनदा सांगावं लागलं नाही. पिशवीतून पाणी आणि मीठ जातं म्हणून तो मीठ-साखरेचं पाकीट पाण्यात घालून ठेवी. मग तो कामावर जाऊ लागला, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. एका मालकाने फळ्यांचं विचारलं तेव्हा तो रागावला नाही. त्याला खाली घेऊन गेला आणि एक धिरा हलवून दाखवला. "तुम्हीही रोज येऊन एवढं बघत जा," तो म्हणाला.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि टोकं पुन्हा जोडायची ठरवली. तोच मजला, तोच बाक. आत जाताना बायकोने स्वतःच वेणी घातली होती आणि स्वतःच चष्मा काढून त्याच्या हातात दिला होता.

अडीच तासांनी दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले, तोंडावरचा मास्क खाली केला.

"सांधा चांगला बसलाय," ते म्हणाले. आणि थांबले. हा माणूस आता काय विचारणार ते त्यांना पाठ होतं.

गवंड्याने खिशातून रुमाल काढला आणि उलगडला.

"शुद्धीवर आली की आधी हा तेवढा लावा," तो म्हणाला. "आणि आज सोमवार आहे, असं सांगा."